वाचक विचारतात: बाटलीतलं रक्त तपासलेलं असतं ना?

रक्तपेढीबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच काळजीची, की चढवलं जाणारं रक्त नीट तपासलेलं असतं का, त्यातून नवीन आजार तर घरी येणार नाही ना. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नोकरीची बरीच वर्षं रक्तपेढीत गेलीत, त्यामुळे रोज जे बघते त्यावरूनच उत्तरं देतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत आणि लांबलेली पत्रं थोडी कमी केलीत.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त तयारच होत नाही. दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. नागपूरच्या मुलांची बातमी वाचल्यापासून प्रत्येक वेळी बाटली लावताना पोटात गोळा येतो. ओळखीच्या एकांनी सांगितलं की नॅट केलेलंच रक्त घ्या, साधं घेऊ नका. साधं म्हणजे तपासलेलं नसतं का? (एक आई, सोलापूर)

ताई, तुमची भीती अजिबात उगाच नाहीये. २०२२ च्या मे महिन्यात ती नागपूरची बातमी आली, थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची आणि त्यातलं एक मूल गेल्याची, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झारखंडच्या चाईबासातून पुन्हा तशीच बातमी आली. ज्यांच्या घरात दर महिन्याला रक्त लागतं त्यांनी हे वाचून शांत कसं बसायचं, त्यामुळे तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत.

आता पहिली गोष्ट, "साधं" रक्त म्हणजे न तपासलेलं रक्त नाही. आपल्याकडे कायद्यानेच प्रत्येक पिशवीच्या पाच टेस्ट सक्तीच्या आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस म्हणजे एक गुप्तरोग, आणि मलेरिया. या पाचही निगेटिव्ह आल्याशिवाय पिशवी रक्तपेढीच्या बाहेर जाऊच शकत नाही, मग ती पेढी सरकारी असो, ट्रस्टची असो की खासगी.

मग तरीही लागण होते कशी? तर शरीरात विषाणू शिरला की तो लगेच टेस्टमध्ये सापडत नाही. शेतात पेरलं की दुसऱ्या दिवशी वर काहीच दिसत नाही, पण बी तर जमिनीत असतंच ना, तसं. बऱ्याचशा टेस्ट विषाणूला शोधत नाहीत, आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी शोधतात आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. हा मधला काळ म्हणजे विंडो पिरियड. एचआयव्हीच्या अँटीबॉडी टेस्टला तो साधारण तीन आठवड्यांचा आहे, अँटीबॉडीबरोबर विषाणूचं अँटीजेन, म्हणजे त्याचाच एक अंश, तोही पकडणाऱ्या नव्या किटला साधारण दोन-अडीच आठवड्यांचा. हिपॅटायटिस बीला पाच-सहा आठवडे जातात आणि सीच्या अँटीबॉडीला तर दोन महिनेसुद्धा लागतात. त्या दिवसांत त्या माणसाने रक्त दिलं तर टेस्ट अगदी नीट केलेली असूनही निगेटिव्ह येते, आणि त्या माणसाला स्वतःलाही काही त्रास नसतो, तो ठणठणीत असतो.

नॅट टेस्ट इथे कामाला येते. ती अँटीबॉडीची वाट बघत नाही, थेट विषाणूचं डीएनए किंवा आरएनए शोधते, त्यामुळे एचआयव्ही साधारण आठवड्या-दीड आठवड्यात सापडतो, सी तर आठवडाभरात सापडू शकतो, बीला मात्र नॅट करूनही तीनेक आठवडे लागतात. म्हणजे नॅटने विंडो खूप लहान होते पण पूर्ण बंद होत नाही. आणि नॅट केली म्हणून बाकीच्या टेस्ट सोडायच्या असंही नाही, दोन्ही करायच्या असतात. नॅट आपल्याकडे अजून देशभर सक्तीची नाहीये, मशीन आणि किट दोन्ही महाग, त्यामुळे मोठ्या शहरांतल्या काही पेढ्यांमध्ये होते आणि तालुक्याच्या ठिकाणी सहसा नाही. माझं स्पष्ट मत आहे की निदान थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या पेशंटना तरी नॅट केलेलंच रक्त मिळायला हवं आणि त्याचा खर्च सरकारने करायला हवा, कारण आपण आयुष्यात एकदा रक्त घेतो आणि ही मुलं शेकडो पिशव्या घेतात, प्रत्येक पिशवीचा धोका कितीही लहान असला तरी त्यांच्यासाठी तो साठत जातो.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. शक्यतो एकच सेंटर धरा आणि रक्त एकाच चांगल्या पेढीतून येऊ द्या. नॅट होत असेल तर नक्की घ्या, पण ती मिळाली नाही म्हणून मुलाचं रक्त पुढे ढकलू नका, हिमोग्लोबिन खाली जाऊ देणं हा त्याच्यासाठी रोजचा आणि खरा धोका आहे. एक वही करा आणि प्रत्येक वेळी तारीख, पेढीचं नाव आणि पिशवीवरचा नंबर लिहून ठेवा, पुढे कधी शंका आली तर त्या नंबरावरून थेट रक्तदात्यापर्यंत मागे जाता येतं, पेढीला रेकॉर्ड पाच वर्षं ठेवावंच लागतं. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालीय का बघा, आणि झाली असली तरी अँटीबॉडी किती तयार झाल्यात ते रक्तात मोजून घ्या, कमी असतील तर डॉक्टर अजून डोस देतील. मुलाच्या एचआयव्ही, बी आणि सीच्या टेस्ट दर सहा महिन्यांनी करा, निदान वर्षातून एकदा तरी चुकवू नका. अजून एक, थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त मोफत मिळतं आणि त्याच्या बदल्यात रक्तदाता आणा असं कुणी म्हणू शकत नाही. कुणी म्हणालंच तर लेखी द्या म्हणावं.

प्रश्न: बहिणीचं सिझेरियन आहे, डॉक्टरांनी दोन बाटल्यांची सोय करून ठेवा सांगितलंय. आम्ही दोघं भाऊ तिच्याच ग्रुपचे आहोत, दाजीपण. बाहेरच्या कुणाचं घेण्यापेक्षा घरच्यांचं रक्त सेफ असतं ना? (कोल्हापूर)

असंच सगळ्यांना वाटतं आणि बहिणीसाठी तुम्ही दोघं लगेच तयार झालात हे छानच आहे, पण खरं उत्तर नाही असं आहे.

बघा, जो माणूस स्वतःहून, कुणाच्या सांगण्याशिवाय, वर्षातून दोन-तीनदा रक्त देतो त्याचं रक्त सगळ्यात सुरक्षित, कारण त्याची तपासणी दर वेळी होत असते आणि फॉर्मवर खोटं बोलायचं त्याला काही कारणच नसतं. घरच्या माणसावर मात्र दडपण असतं. सासरे समोर उभे, आई रडतेय, पेशंट आत आहे, अशा वेळी एखाद्याला मागच्या महिन्यात काही धोक्याचं घडलेलं असेल तर तो सगळ्यांसमोर "मला नको द्यायला" असं म्हणेल का? नाही म्हणणार, गप्प बसून देऊन टाकेल. त्याला वाईट माणूस म्हणायचं कारण नाही, त्याला तिथून बाहेर पडायला वाटच ठेवलेली नसते.

दुसरं कारण अगदी वैद्यकीय आहे आणि फार लोकांना माहीत नसतं. सख्ख्या नातेवाइकांच्या पेशी एकमेकांशी इतक्या जुळतात की रक्तातून गेलेल्या दात्याच्या पांढऱ्या पेशींना पेशंटचं शरीर परकं म्हणून ओळखत नाही, त्या तिथेच तग धरतात आणि उलट पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात. असं फार क्वचित होतं, पण झालं तर पेशंट बहुतेक वाचत नाही. म्हणून भाऊ, बहीण, आई, वडील, मुलं यांचं रक्त द्यायची वेळ आलीच तर ते आधी रेडिएशन देऊन घ्यावं लागतं आणि ती सोय सगळीकडे नसते. आणि दाजींचं रक्त तर ताईंना नकोच, नवऱ्याच्या रक्तामुळे बायकोच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळंतपणात बाळाला त्रास होऊ शकतो.

तुम्ही दोघांनी रक्त जरूर द्या, पण पेढीला सांगा की हे साठ्यात जाऊ दे, बहिणीला दुसऱ्याचं तपासून ठेवलेलं द्या. आजच द्या, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी धावत जाऊ नका, कारण टेस्ट व्हायला वेळ लागतो.

प्रश्न: मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या शिबिरात रक्त दिलं तेव्हा प्रश्न पडला की पुढे त्या पिशवीचं काय होतं, आणि टेस्ट पिशवीतल्याच रक्ताची होते का? (लातूर)

मला हा प्रश्न फार आवडला, सविस्तर सांगते.

सुई लागल्यावर सगळ्यात पहिलं जे थोडं रक्त येतं ते मोठ्या पिशवीत जात नाही, नळीला जोडलेल्या एका छोट्या पाउचमध्ये जातं, आणि त्यातून टेस्टच्या ट्यूब भरतात. यात दोन फायदे, सुईच्या जागेवरच्या कातडीचे जंतू मोठ्या पिशवीत जायचे वाचतात आणि टेस्टला नेमकं तुमचंच रक्त मिळतं. पिशवी, तिच्या जोडपिशव्या, ट्यूब आणि तुमचा फॉर्म, सगळ्यांवर एकच नंबर चिकटतो. तुमचं नाव पिशवीवर कुठेच नसतं. चांगला टेक्निशियन हे स्टिकर खाटेच्या शेजारीच लावतो, टेबलावर दहा ट्यूब गोळा करून नंतर लावत बसत नाही, कारण इथे एक अदलाबदल झाली तर पुढची कितीही महाग मशीन काही उपयोगाची नाही.

शिबिरातून पेट्या आल्या की काही तासांत पिशवीतल्या रक्ताचे भाग वेगळे केले जातात, लाल पेशी २ ते ६ डिग्रीला, प्लेटलेट २० ते २४ डिग्रीला सतत हलवत ठेवायच्या, प्लाझ्मा उणे ३० च्या खाली गोठवायचा. पण हे सगळं तपासणी न झालेल्या मालाच्या वेगळ्या फ्रीजमध्ये असतं आणि तिथून कुणीही, अगदी पेढीचा प्रमुखसुद्धा, पिशवी उचलून देऊ शकत नाही.

तोवर तिकडे ट्यूब फिरवून त्यातलं सीरम, म्हणजे रक्ताचं वरचं पाणी, एलायझाच्या प्लेटमध्ये घालायचं काम चालतं, एलायझा म्हणजे रंगावरून उत्तर देणारी टेस्ट. प्लेट म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची, तळहाताएवढी, तिला ९६ खळगे. पहिल्या काही खळग्यांत कंट्रोल असतात, म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने. रसायनं घालायची, ठरलेला वेळ गरम ठेवायचं, धुवायचं, परत घालायचं, असं दोनेक तास चालतं आणि शेवटी रंग येतो. ज्या खळग्यात काही नाही तो पाण्यासारखा राहतो आणि जिथे काही आहे तो आधी निळा होतो, मग ऍसिड घातलं की पिवळा. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात, मोठं शिबिर झालेलं असतं, सगळी प्लेट पाण्यासारखी आणि मध्येच एक खळगा पिवळाधमक दिसतो. अनुभवी टेक्निशियनही त्या खळग्याशी थबकतो. मग मशीनवर आकडा बघायचा, कंट्रोल बरोबर आलेत का ते बघायचं, तोच नमुना पुन्हा लावायचा. मोठ्या पेढ्यांमध्ये आता केमिल्युमिनिसन्सच्या मशीन आल्यात, त्या हे काम आपोआप आणि लवकर करतात, त्यामुळे हाताच्या चुका कमी झाल्या. लहान ठिकाणी आणि इमर्जन्सीत रॅपिड कार्डही वापरतात, त्याला चांगलं किट आणि चांगली नजर दोन्ही लागतं, माझा जीव एलायझा किंवा केमिल्युमिनिसन्सवरच जास्त आहे. सिफिलिसला आरपीआर किंवा टीपीएचए करतात, मलेरियाला स्लाइड किंवा कार्ड.

पाचातलं काहीही रिऍक्टिव्ह आलं, म्हणजे काहीतरी आहे असं टेस्टने दाखवलं, की त्या नंबरचं सगळं, लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा, बाहेर काढून ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत जंतू मारून, नष्ट करतात. हिपॅटायटिस बीच्या अशा पिशव्या सहसा सगळ्यात जास्त निघतात.

प्रश्न: मिस्टरांनी ऑफिसच्या शिबिरात रक्त दिलं. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन, "एकदा येऊन भेटून जा", कशासाठी ते फोनवर सांगत नाहीत. ते जायला तयार नाहीत, म्हणतात काही नसेल. मला झोप नाही. (ठाणे)

ताई, त्यांना घेऊन जा, या आठवड्यातच. फोनवर सांगत नाहीत कारण फोन कोण उचलतंय ते त्यांना माहीत नसतं आणि रिझल्ट गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. त्यामुळे त्यांनी सांगितलं नाही म्हणजे फार भयंकर आहे असा अर्थ काढू नका.

आणि रिऍक्टिव्ह म्हणजे आजार पक्का असंही नाही. रक्तपेढीच्या टेस्ट मुद्दाम अति-संवेदनशील ठेवलेल्या असतात, दहा चांगल्या पिशव्या फेकल्या तरी चालतील पण एक वाईट सुटायला नको, असा हिशोब असतो. त्यामुळे काही जणांची टेस्ट उगाचच रिऍक्टिव्ह येते. खरं काय ते पक्क्या टेस्टनंतरच कळतं. एचआयव्हीची शंका असेल तर पेढीचा समुपदेशक तुम्हाला सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पाठवेल, तिथे वेगवेगळ्या पद्धतीच्या टेस्ट करून मगच उत्तर देतात, सगळं मोफत. बी किंवा सी कावीळ असेल तर २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी निघाली तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जवळजवळ सगळे बरे होतात. बी निघाली तर प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही पण लिव्हरवर कायम नजर ठेवावी लागते, आणि तुम्ही आणि मुलांनी तपासणी करून लस घ्यायची, सुरुवातीला, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ताटवाटी वेगळी करू नका, एकत्र जेवल्याने यातलं काहीच होत नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा, आणि पक्का रिपोर्ट येईपर्यंत निरोध वापरा.

सगळ्याच वाचकांसाठी यात एक गोष्ट आहे. रक्तदानाच्या फॉर्मवर एक ओळ असते, तपासणीत काही वेगळं आढळलं तर कळवावं का, होय की नाही. लोक घाईत काहीही टिक करतात. होयवर टिक करा आणि मोबाईल नंबर खरा द्या. पेढीत नंबर लागत नाही, पत्ता सापडत नाही म्हणून बसून राहिलेले रिपोर्ट मी पाहिलेत, आणि त्यातल्या काही जणांना वेळेवर कळलं असतं तर लिव्हर वाचलं असतं.

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी माझ्याकडून एकदा काळजी न घेता संबंध आला. एचआयव्हीची टेस्ट करायला लाज वाटते. पुढच्या रविवारी आमच्या भागात शिबिर आहे, तिथे रक्त दिलं की टेस्ट आपोआप होईल ना? (नाव, गाव देऊ नये)

दादा, रविवारी रक्त देऊ नकोस. मी रागावून सांगत नाहीये, हात जोडून सांगतेय. सोलापूरच्या ताईंना जे लिहिलं ते परत वाच, विंडो पिरियड म्हणजे नेमके हेच दिवस. तुझी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते आणि पिशवी एखाद्या लहान मुलाला लागू शकते, आणि एका पिशवीचे तीन भाग होतात म्हणजे ती तिघांपर्यंत जाऊ शकते.

तुझी टेस्ट तुला करायचीच आहे, तर त्यासाठीच असलेल्या जागी जा. जवळच्या सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी असतं, टेस्ट मोफत, आधी समुपदेशक एकट्याशी बोलतो, रिपोर्ट फक्त तुलाच मिळतो. गावात ओळखीचे असतील असं वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्यात जा, कुणी विचारत नाही. १०९७ या हेल्पलाइनवर आधी फोन करून बोल हवं तर. आत्ता एकदा टेस्ट कर आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर परत एकदा, मधल्या काळात निरोधाशिवाय संबंध नको. आणि हे बाकीच्यांसाठी: असं काही घडल्यावर ७२ तासांच्या आत सरकारी हॉस्पिटल गाठलं तर लागण टाळणारी औषधं सुरू करता येतात, तुझ्या बाबतीत ती वेळ गेलीय.

तू लिहून विचारलंस हे खूप मोठं काम केलंस. एका शिबिरात एक मुलगा मित्रांच्या घोळक्यात फॉर्म भरत होता, सगळे एकमेकांचे फॉर्म वाचत हसत होते, त्याने सगळीकडे नाही नाही टिक केलं आणि रक्त दिलं. रात्री पेढीच्या नंबरवर त्याचा फोन आला, नाव सांगितलं नाही, फक्त पिशवीचा नंबर सांगितला आणि म्हणाला, मॅडम ते रक्त कुणाला देऊ नका. आम्ही त्याला कारण विचारलं नाही. त्याच्या पाचही टेस्ट निगेटिव्ह आल्या होत्या, तरी ती पिशवी काढून टाकली. असा फोन कुठल्याही रक्तदात्याला करता येतो, रक्त देऊन घरी गेल्यावर ताप आला किंवा काही आठवलं तरी करावा, पेढीवाले ओरडत नाहीत.

प्रश्न: १९९४ साली माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा एवढ्या टेस्ट होत्या का? (वय ६८, पणजी)

मावशी, नव्हत्या. एचआयव्हीची तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली पण हिपॅटायटिस सीची आपल्याकडे २००१ मध्ये. मुळात सीचा विषाणूच १९८९ मध्ये सापडला, त्या शोधाला २०२० चं नोबेल मिळालं, तोपर्यंत डॉक्टरांना इतकंच कळत होतं की रक्त चढवलेल्या काही जणांना ए नाही, बी नाही अशी कसलीतरी कावीळ होते. शिवाय त्या काळात पैसे घेऊन रक्त देणारे लोक असायचे, पोट भरायला आठवड्याला रक्त विकणारे, त्यांना आपला आजार सांगून परवडणारच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणं बंद झालं, माझ्या मते रक्ताच्या सुरक्षेसाठी या देशात झालेलं सगळ्यात मोठं काम तेच. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, ब्रिटनमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकांत ३०,००० हून जास्त लोकांना रक्तातून आणि रक्तापासून बनवलेल्या औषधातून एचआयव्ही आणि कावीळ झाली, त्याचा चौकशी अहवाल यायला २०२४ उजाडलं.

तुम्ही हिपॅटायटिस सीची एक टेस्ट करून घ्या, साधी आहे. २००१ च्या आधी ज्यांना ज्यांना रक्त लागलं, बाळंतपणात, अपघातात, ऑपरेशनमध्ये, त्या सगळ्यांनी एकदा करावी. सी वीस-तीस वर्षं काही त्रास न देता लिव्हरमध्ये बसून राहते आणि सापडली तर बरी होते, मग न बघता का राहायचं.

प्रश्न: रक्त लोक फुकट देतात, मग पेढीवाले पैसे कशाचे घेतात? (नाशिक)

रक्ताचे नाही, पिशवी, टेस्टचे किट, माणसं आणि वीज यांचे. २०२२ मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने ठरवलेल्या दरांनुसार लाल पेशींच्या किंवा पूर्ण रक्ताच्या एका पिशवीला सरकारी पेढीत जास्तीत जास्त १,१०० रुपये आणि खासगीत १,५५० रुपये. नॅटसारख्या जादा टेस्टचे वेगळे. यापेक्षा जास्त मागितले तर पावती घ्या आणि राज्य रक्त संक्रमण परिषदेकडे किंवा एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करा.

छोटे प्रश्न एकत्र: टॅटू काढला किंवा कान टोचले तर बारा महिने थांबा. मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावर तीन महिने, डेंगू आणि चिकुनगुनियानंतर सहा महिने. डेंगूची टेस्ट आपल्याकडे रक्तपेढीत होत नाही, म्हणून पावसाळ्यात डॉक्टरांनी तापाचं विचारलं तर खरं सांगणं हाच उपाय. पाण्यातून होणारी ए किंवा ई कावीळ होऊन वर्ष झालं असेल तर चालतं, बी किंवा सी झाली असेल, किंवा कुठली होती ते माहीतच नसेल, तर कायमचं नाही. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिने ठेवायचे, बायकांनी चार.

प्रश्न: आमचं गणेश मंडळ दर वर्षी शिबिर घेतं, मागच्या वर्षी अडीचशे बाटल्या झाल्या, या वर्षी पाचशेचं टार्गेट आहे. प्रत्येक दात्याला हेल्मेट द्यायचं ठरलंय. शिबिर जास्त चांगलं कसं करता येईल? (नवी मुंबई)

तुम्ही विचारताय म्हणून मोकळेपणाने सांगते, टार्गेट सोडा आणि हेल्मेटही सोडा. पदरचे पैसे घालून तुम्ही चांगल्या मनानेच देताय हे मला दिसतंय, पण हेल्मेटसाठी आलेला मुलगा फॉर्मवरच्या कुठल्याच प्रश्नाला होय म्हणणार नाही, म्हटलं तर हेल्मेट जाईल. विंडो पिरियडमधला माणूस ओळखायला कुठल्याही पेढीकडे यंत्र नाही, त्याने स्वतः सांगितलं तरच तो कळतो. चहा, बिस्किट, सर्टिफिकेट, एवढं पुष्कळ आहे.

एका दिवसात पाचशे पिशव्या म्हणजे डॉक्टरला एका माणसाशी बोलायला दोन मिनिटंही मिळत नाहीत. शिवाय प्लेटलेट पाच दिवसच टिकतात आणि लाल पेशी ३५ किंवा ४२ दिवस, सगळ्या मंडळांची शिबिरं एकाच महिन्यात झाली की रक्त मुदत संपून वाया जातं आणि मेमध्ये कॉलेजं बंद, लोक गावी, तेव्हा पेशंटचे नातेवाईक पेढ्यांच्या दारात बसतात. तर अडीचशेचे दोन भाग करा, सव्वाशे गणपतीत आणि सव्वाशे मेच्या दुसऱ्या आठवड्यात.

फॉर्म मराठीतला मागून घ्या आणि आदल्या दिवशीच वाटा, व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल, म्हणजे लोक घरी एकट्याने वाचतील आणि ज्याला द्यायचं नाही तो येणारच नाही, कुणाला काही सांगावंही लागणार नाही. डॉक्टरचं टेबल मंडपाच्या मधोमध स्पीकरशेजारी लावू नका, कोपऱ्यात पडदा लावून द्या, तिथे एका वेळी एकच माणूस. कार्यकर्त्यांना सांगून ठेवा की कुणी रक्त न देता बाहेर आला तर "काय रे, काय झालं?" असं विचारायचं नाही, त्यालाही तोच चहा आणि तेच बिस्किट. पेढी निवडताना विचारा की टेस्ट एलायझाने होतात की केमिल्युमिनिसन्सने की नुसत्या कार्डाने, नॅट आहे का, रिऍक्टिव्ह आलेल्या दात्याला बोलवायला समुपदेशक आहे का. आणि शिबिर संपल्यावर पेढीचा फोन नंबर मंडळाच्या बोर्डावर निदान आठवडाभर लिहून ठेवा, ज्याला घरी गेल्यावर काही सांगायचं असेल त्याला तो सापडला पाहिजे.